आधी कोणती क्रिया? : केनेथ आयव्हर्सन ह्यांच्या अंकभाषेची कथा

मराठी शाळेत गणित शिकलेल्या पुष्कळांना ‘कंचेभागुबेव’ हा शब्द अजून आठवत असेल. कोशात तो सापडावयाचा नाही. कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी ह्या सहा पायऱ्यांच्या आरंभीची अक्षरे जोडून शिक्षकांनी तो मुलांच्या जिभेवर बसविला. फळ्यावर २ + ३ × ४ असे मांडले की विद्यार्थ्याने आधी गुणाकार करावा, मग बेरीज करावी आणि १४ हे उत्तर द्यावे. २० असे उत्तर देणाऱ्याच्या वहीवर लाल रेघ उमटते.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, २० हे उत्तर देणाऱ्या मुलाचे नेमके काय चुकले? त्याची बेरीज बिनचूक आहे आणि गुणाकारही बिनचूक आहे. चुकला आहे तो केवळ क्रम. हा क्रम संख्यांच्या स्वभावातून आलेला नाही. रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाडी हाकावी हे जसे एखादा देश ठरवितो, तसा तो माणसांनी ठरविलेला संकेत आहे. बीजगणिताचे चिन्हलेखन युरोपात सोळाव्या आणि सतराव्या शतकांत घडत गेले. बरोबरीची दोन समांतर रेघांची खूण रॉबर्ट रेकॉर्ड ह्यांनी १५५७ साली छापली. पुढे बहुपदी राशी लिहिण्याचे काम वाढले. तेथे गुणाकार आधी धरला की कंस फार थोडे लागतात. सोय झाली, सोयीची सवय झाली, आणि सवयीला नियमाची प्रतिष्ठा मिळाली.

ह्या प्रतिष्ठित नियमाला विसाव्या शतकात एका कॅनडियन गणितज्ञाने शांतपणे हात घातला. त्यांचे नाव केनेथ आयव्हर्सन.

आयव्हर्सन ह्यांचा जन्म १९२० साली कॅनडातील आल्बर्टा प्रांतात कॅमरोज गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचे आणि शाळा एका खोलीची. नववीच्या वर्गातच शिक्षण सोडून ते घरच्या शेतीवर राबू लागले. दुसरे महायुद्ध आले आणि ते सैन्यात दाखल झाले. तेथे टपालाने येणाऱ्या पाठांवर त्यांनी सुटलेले शालेय शिक्षण बरेचसे भरून काढले. युद्ध संपल्यावर किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून ते १९५० साली पदवीधर झाले आणि तेथून हार्वर्डला गेले. हॉवर्ड एकेन ह्यांनी तेथे गणकयंत्रांची मोठी परंपरा उभी केली होती. एकेन आणि अर्थशास्त्रज्ञ वॅसिली लिऑन्टिएफ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली आयव्हर्सन ह्यांनी १९५४ साली डॉक्टरेट मिळविली आणि ते तेथेच शिकवू लागले.

ह्या अध्यापनातून सगळ्या पुढच्या गोष्टीचा उगम झाला. माहितीवर यंत्राने कशी प्रक्रिया करावयाची, हा विषय तेव्हा अगदी नवा होता. तक्ते लावणे, याद्या चाळणे, आकड्यांच्या ओळीच्या ओळी एकदम हाताळणे, ही कामे फळ्यावर कशी लिहून दाखवावयाची? गणिताचे प्रचलित चिन्हलेखन तेथे तोकडे पडू लागले. एकाच गोष्टीसाठी दोन पुस्तकांत दोन खुणा असत, आणि काही गोष्टींना खूणच नसे. तेव्हा आयव्हर्सन ह्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वतःचे चिन्हलेखन तयार केले. यंत्रावर चालविण्याची भाषा करावी हा त्या वेळी हेतू नव्हता. एका शिक्षकाची ती फळ्यावरची गरज होती.

हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९६० साली ते आय. बी. एम. ह्या कंपनीच्या संशोधन विभागात गेले आणि १९६२ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ असे त्याचे साधे नाव होते. एखाद्या संख्येपेक्षा मोठी नसलेली सर्वांत मोठी पूर्ण संख्या दाखविण्यासाठी खाली पाय असलेली उभी रेघ, आणि तिच्या उलट प्रकारासाठी वर टोपी असलेली रेघ, ह्या आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत दिसणाऱ्या खुणा त्याच पुस्तकातून आल्या. पुस्तकाच्या नावातील तीन शब्दांची आद्याक्षरे घेऊन पुढे भाषेला ए. पी. एल. हे नाव मिळाले.

आय. बी. एम. मध्ये एडिन फॅल्कॉफ हे त्यांचे सहकारी झाले. १९६४ साली फॅल्कॉफ, आयव्हर्सन आणि एडवर्ड ससेन्गुथ ह्या तिघांनी त्याच वर्षी जाहीर झालेल्या सिस्टिम ३६० ह्या यंत्राचे संपूर्ण वर्णन ह्याच चिन्हांत लिहून दाखविले. १९६६ साली ही भाषा स्वतः यंत्रावर चालू लागली. लॅरी ब्रीड, रिचर्ड लॅथवेल आणि रॉजर मूर ह्यांनी ते काम तडीस नेले. तिच्या अनोळखी चिन्हांसाठी टंकलेखन यंत्राचा खास अक्षरगोळा बनवावा लागला. वर-खाली लिहिण्याची मोकळीक फळ्यावर होती, ती टंकलेखन यंत्रावर उरली नाही. सगळे एका ओळीत बसवावयाचे होते, आणि म्हणून क्रमाचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

ह्या भाषेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात आकड्यांची संपूर्ण ओळ किंवा ओळी-स्तंभांचा संपूर्ण तक्ता ही एकच वस्तू मानली जाते. इंग्रजीत अशा मांडणीला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. वर्गातील तीन मुलांचे गुण ४०, ६० आणि ८० असले आणि प्रत्येकाला पाच गुण वाढवून द्यावयाचे असले, तर ‘पहिल्याला द्या, दुसऱ्याला द्या’ असे सांगत बसावे लागत नाही. त्या ओळीत पाच मिळवा, एवढे म्हटले की ४५, ६५, ८५ ही ओळ तयार होते. अशा मांडण्या उलटविणे, फिरविणे, मोजणे, क्रमवार लावणे ह्या प्रत्येक कामासाठी एकेक खूण आहे, आणि त्या सर्वांचा दर्जा बेरीज-गुणाकाराच्या बरोबरीचा आहे.

येथेच कंचेभागुबेवची अडचण होते. चार-सहा क्रिया असताना त्यांची उतरंड पाठ करता येते. क्रिया कित्येक डझन झाल्या म्हणजे काय करावयाचे? ओळ उलटविणे आधी की गुणाकार आधी? मोजणी आधी की भागाकार आधी? १९५७ साली प्रचारात आलेल्या फोर्ट्रान भाषेने शाळेतील उतरंड तशीच स्वीकारली होती, आणि पुढील अनेक भाषांनी तिच्या पायऱ्या वाढवीत नेल्या. आयव्हर्सन ह्यांनी उतरंडच काढून टाकली. सर्व क्रिया समान दर्जाच्या. कोणतीही क्रिया घ्या, तिच्या उजवीकडे जे काही लिहिले असेल त्या सर्वाचे मिळून जे उत्तर येईल, ते तिचे उजवे पद. नियम एवढाच. अर्थात हिशेब उजव्या टोकापासून सुरू होतो आणि डावीकडे सरकत येतो. ज्याला दुसरा क्रम हवा असेल त्याने कंस घालावा.

नियम लहान असला तरी त्याची किंमत लहान नव्हती. २ × ३ + ४ ह्याचे शाळेतले उत्तर १०. ह्या भाषेत ते १४, कारण आधी तीन आणि चार मिळून सात होतात. १० − ४ − ३ हे शाळेत ३ होते. येथे चारातून तीन आधी जातात आणि उत्तर ९ येते. शिकलेला माणूस येथे पहिल्याच दिवशी अडखळतो, आणि न शिकलेला अडखळत नाही. आयव्हर्सन ह्यांना ह्याची पूर्ण जाणीव होती. १९६६ साली त्यांनी माध्यमिक शाळांसाठी फलनांवर एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि त्याच्या परिशिष्टात क्रमाच्या संकेतांचीच चर्चा करून आपल्या नियमाची बाजू मांडली.

त्या बाजूत तथ्य होते. ह्या भाषेत एखाद्या क्रियेच्या खुणेपुढे तिरकी रेघ काढली की ती क्रिया ओळीतील सर्व आकड्यांच्या मधोमध बसते. बेरजेपुढे रेघ काढली की ओळीची बेरीज मिळते. मग वजाबाकीपुढे रेघ काढली तर? ९, ४, ३, २ ही ओळ घ्या. डावीकडून वजा करीत गेले तर शून्य उरते, आणि ते नऊमधून बाकीच्यांची बेरीज वजा केल्याहून वेगळे काही सांगत नाही. उजवीकडून गेले तर दोन तिनांतून गेले, राहिला एक. तो चारांतून गेला, राहिले तीन. ते नवांतून गेले, राहिले सहा. हे सहा म्हणजे ९ − ४ + ३ − २. एक आड एक चिन्ह बदलणारी ही बेरीज गणितात जागोजागी लागते, आणि येथे ती दोन खुणांत मिळते. तसेच बहुपदी राशीची किंमत काढण्याची हॉर्नर ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत ह्या नियमाखाली एकाही कंसाशिवाय लिहिता येते. शिवाय वाचणाऱ्याला डावीकडची पहिली खूण पाहताच कळते की शेवटची, मुख्य क्रिया ही आहे; उजवीकडचा पसारा तिची सामग्री आहे.

येथपर्यंत प्रश्न होता तो आकड्यांसह लिहिलेल्या सूत्राचा. त्याहून सूक्ष्म असा दुसरा प्रश्न पुढे उभा राहिला. आकडे अजून हाती आलेले नाहीत, केवळ क्रिया एकीला एक जोडून ठेवावयाच्या आहेत; अशा जोडणीचा अर्थ काय समजावा?

गणितात एका संख्येवरून दुसरी संख्या काढून देणाऱ्या नियमाला फलन म्हणतात. अक्षरापुढे कंस काढून फलन लिहिण्याची चाल अठराव्या शतकात ऑयलर ह्यांनी १७३४ च्या सुमारास पाडली. एका फलनाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती दिले म्हणजे तो फलनांचा संयोग झाला. व्यवहारात आपण संयोग रोज करतो. मराठीत त्याची खूण म्हणजे षष्ठीचा प्रत्यय. ‘पेद्रूच्या भावाच्या मुलीचे नाव’ असे म्हटले की आधी पेद्रू डोळ्यांपुढे येतो, मग त्याचा भाऊ, मग मुलगी आणि शेवटी नाव. हिशेब डावीकडून उजवीकडे चालतो. इंग्रजीत हीच साखळी उलट येते. नाव आधी आणि पेद्रू शेवटी. गणिताचे लेखन त्या दुसऱ्या वळणावर घडले आहे, म्हणून त्यात सर्वांत आधी करावयाचे काम सर्वांत उजवीकडे असते. मराठी माणसाने आयव्हर्सन ह्यांचे सूत्र उजव्या टोकाकडून वाचले, तर त्याला त्यात आपलेच वाक्य सापडेल. कंचेभागुबेवमधला तो मधला ‘चे’ म्हणजे हीच जोडणी होय.

१९८० साली आयव्हर्सन आय. बी. एम. सोडून टोरँटोच्या आय. पी. शार्प ह्या कंपनीत गेले. तत्पूर्वी १९७९ साली संगणकशास्त्रातील ट्यूरिंग पारितोषिक त्यांना मिळाले होते. त्या प्रसंगीच्या व्याख्यानाचा विषय होता, चिन्हलेखन हे विचाराचे साधन कसे होते. आता ह्या साधनात क्रियांच्या जोडणीचे व्याकरण घालावयाचे होते. व्याकरण हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. आयव्हर्सन ह्यांनी आपल्या भाषेतील घटकांना व्याकरणाचीच नावे दिली. आकडे ते नाम, त्यांच्यावर चालणारी क्रिया ते क्रियापद, एका क्रियापदाला नवे रूप देणारी खूण ते क्रियाविशेषण आणि दोहोंना जोडणारी ती उभयान्वयी.

१९८९ साली यूजीन मॅक्डॉनेल ह्यांच्यासह त्यांनी एक छोटा निबंध सादर केला. तोपर्यंत दोन-तीन क्रियापदे आकड्यांवाचून नुसती शेजारी ठेवली तर भाषेच्या दृष्टीने ती चूक ठरे. ह्या रिकाम्या जागेला अर्थ द्यावा, अशी त्यांची सूचना होती. तीन क्रियापदे एकत्र आली तर बाहेरची दोन्ही त्याच सामग्रीवर स्वतंत्रपणे चालावीत आणि मधल्याने त्यांची उत्तरे एकत्र करावीत. ह्या रचनेला त्यांनी ‘फोर्क’ म्हणजे काटा हे नाव दिले. गणितात दोन फलनांची बेरीज अशीच समजली जाते. नवीन होते ते हे की मधे बेरीजच पाहिजे असे नाही, कोणतीही क्रिया चालेल. ‘लहान किंवा समान’ ह्या आपल्या साध्या शब्दप्रयोगातही हीच रचना आहे: लहान आहे का हे एकदा पाहिले, समान आहे का हे एकदा पाहिले, आणि ‘किंवा’ने दोन्ही निकाल जोडले.

दोनच क्रियापदे आली तर? त्या रचनेला ‘हुक’ म्हणजे आकडी असे नाव मिळाले. तिच्यात उजवे क्रियापद सामग्रीवर चालते, आणि डावे क्रियापद मूळ सामग्री व ते उत्तर ह्यांच्यामध्ये बसते. तर्कशास्त्रात मोझेस शॉनफिंकेल ह्यांनी १९२४ च्या निबंधात जी एक मूलभूत जोडणी सांगितली होती, तिच्याशी ही आकडी जुळते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आर्थर व्हिटनी हे आयव्हर्सन ह्यांच्या घरी आले असता एका दुपारी त्यांनी एका पानात मावेल एवढा नव्या भाषेचा दुभाषी कार्यक्रम लिहिला. हाँगकाँगमध्ये जन्मलेले रॉजर हुइ ह्यांनी तो आठवडाभर अभ्यासिला आणि ऑगस्टच्या अखेरीस त्या वळणावर काम सुरू केले. १९९० साली ‘जे’ ही भाषा प्रकट झाली. खास अक्षरगोळ्याची गरज तिच्यात राहिली नाही. साध्या कळफलकावरची चिन्हे तिला पुरली. भागाकाराला शेकड्याची खूण, मोजणीला आडव्या-उभ्या रेघांची जाळी, अशी तिची लिपी आहे.

ह्या भाषेत सरासरी काढण्याचे फलन तीन शब्दांचे आहे: ओळीची बेरीज, भागाकार, मोजणी. लिहावयाचे ते असे: (+/ % #). हा काटा आहे. ४, ६, ८ ही ओळ त्याच्यापुढे ठेवली की डावा दात बेरीज करून १८ देतो, उजवा दात मोजणी करून ३ देतो, मधला भागाकार करतो आणि सरासरी ६ येते. आता केवळ कंस पुसून टाका. तीच चिन्हे, तेच आकडे. परंतु आता ते क्रियापदांचे एकत्र वाक्यखंड राहिले नाही, तर उजवीकडून डावीकडे चालणारे साधे वाक्य झाले. मोजणीने ३ दिले. त्यानंतरच्या भागाकाराच्या खुणेला डावीकडे आकडा नाही, म्हणून ती एकाच पदावर चालते आणि तिनाचा व्यस्त, म्हणजे एक तृतीयांश, देते. त्या एकाच आकड्याची बेरीज तोच आकडा. उत्तर ६ ऐवजी एक तृतीयांश! यंत्र काही तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. त्याला दोन निराळी वाक्ये सांगितली गेली आणि दोन्हींची उत्तरे त्याने दिली.

क्रियापदांची रांग लांबली तरी नियम तोच. उजवीकडची शेवटची तीन आधी एक काटा होतात. तो काटा पुढच्या काट्याचा उजवा दात होतो. असे दोन-दोन क्रियापदे घेत डावीकडे सरकावयाचे. रांग सम संख्येची असेल तर अगदी डावीकडे एक क्रियापद एकटे उरते आणि त्याची आकडी होते. पाच डब्यांची किंवा सहा डब्यांची गाडी असो, जोडणी शेवटच्या डब्यापासून सुरू होते. ह्या रांगेला ह्या भाषेचे लोक ‘ट्रेन’ म्हणतात, ते योग्यच आहे.

काटा आणि आकडी ह्यांखेरीज ‘जे’ भाषेत सरळ संयोगासाठीही खुणा आहेत, आणि त्यांत नवशिक्याला चकविणारी एक जोडी आहे. पत्रातील पत्त्यात येणारी गोल वेटोळ्याची खूण नुसती लिहिली तर एक अर्थ होतो, आणि तिच्यापुढे दोन टिंबे दिली तर दुसरा. १, २, ३ ह्यांच्या वर्गांची बेरीज काढावयाची आहे असे समजा. दोन टिंबांची खूण वापरली तर आधी सगळ्या ओळीचे वर्ग होतात, १, ४, ९; मग त्या सगळ्या ओळीची बेरीज होते, १४. टिंबे विसरली तर उत्तर येते १, ४, ९. असे का व्हावे? वर्ग करणे ही क्रिया स्वभावतः एकेका आकड्यावर चालणारी आहे. टिंबांवाचूनची खूण असे सांगते की, वर्गाचे काम जेवढ्या तुकड्यावर चालते तेवढ्याच तुकड्यावर लगोलग पुढचेही काम करून मोकळे व्हा. म्हणून एकाचा वर्ग झाला की त्या एकट्याची बेरीज, मग दोहोंच्या वर्गाची बेरीज, मग तिहींच्या. एकट्या आकड्याची बेरीज म्हणजे तो आकडाच. धान्याच्या तीन गोण्या सर्व वजन करून मग एकत्र बेरीज मांडणे आणि प्रत्येक गोणीपाशी थांबून तिचाच ताळेबंद पुरा करणे, ह्यांत जो फरक तोच येथे आहे. ‘आधी वर्ग, मग बेरीज’ एवढे सांगून भागत नाही. ‘आधी’ म्हणजे सगळ्या ओळीचे आधी की एकेकाचे आधी, हेही सांगावे लागते. आकड्यांच्या ओळींवर चालणाऱ्या भाषेत क्रमाचा प्रश्न असा दुपदरी होतो.

ह्या इतिहासातील शेवटचे वळण सर्वांत बोधप्रद आहे. मूळ ए. पी. एल. चा वारसा चालविणाऱ्या डायलॉग ह्या ब्रिटिश कंपनीने २०१४ साली आपल्या भाषेत क्रियापदांच्या रांगा आणल्या. रॉजर हुइ त्या वेळी तेथेच काम करीत होते. काटा जसाच्या तसा घेतला गेला. दोन क्रियापदांच्या जोडीला मात्र आकडीचा अर्थ न देता सरळ संयोगाचा अर्थ दिला गेला: उजवे क्रियापद चालवा आणि त्याच्या उत्तरावर डावे चालवा. फरक लहान भासतो. कंसात वजाबाकीची खूण आणि तिच्या शेजारी सरासरीचे फलन ठेवा आणि त्यापुढे ४, ६, ८ ही ओळ द्या. ‘जे’ भाषा प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करून उणे २, शून्य आणि २ अशी ओळ देईल. डायलॉगची भाषा सरासरीचे चिन्ह बदलून उणे ६ देईल. एकाच कुळातील दोन भाषा, एकच लेखन आणि दोन उत्तरे.

दोहोंपैकी कोणाचे बरोबर? आकडीच्या बाजूने असे म्हणता येते की, सरासरीपासूनचे अंतर काढण्यासारखी कामे पदोपदी येतात, आणि ती इतक्या थोडक्यात दुसरीकडे कोठे लिहिता येत नाहीत. सरळ संयोगाच्या बाजूने असे म्हणता येते की, दोन क्रियापदांभोवती कंस घातला काय आणि न घातला काय, अर्थ तोच राहतो. वाचणाऱ्याला निराळा नियम लक्षात ठेवावा लागत नाही. आकडीसाठी स्वतंत्र उभयान्वयी खूण ठेवून ही जागा संयोगाला दिली असती तर बरे झाले असते काय, हा प्रश्न हुइ ह्यांनी स्वतःच पुढे उपस्थित केला होता. परंतु तोपर्यंत ‘जे’ भाषेत बरेच लेखन होऊन गेले होते. लिहिले गेलेले बदलले की जुन्या वाक्यांचे अर्थ बिघडतात, म्हणून तेथे आकडीच कायम राहिली. शाळेतील उतरंड जशी सोयीतून सवय आणि सवयीतून नियम झाली, तशीच गत ह्या नव्या नियमाचीही झाली.

आयव्हर्सन २००४ साली टोरँटो येथे वारले; हुइ ह्यांचे निधन २०२१ साली झाले. ज्या गृहस्थाने जुन्या संकेतांना प्रश्न विचारला, त्याच्या संकेतांनाही त्याच्या मागून येणाऱ्यांनी प्रश्न विचारले, हे त्याच्या वृत्तीला साजेसेच झाले. चिन्हलेखन ही देवदत्त वस्तू नाही, ती माणसाने केलेली आहे आणि तिच्या सोयी-गैरसोयींचा हिशेब मागता येतो, ही त्यांच्या कामाची खरी शिकवण. पण ह्याच कामाने दुसरीही गोष्ट दाखवून दिली. संकेत कोणताही असो, लिहिणारा आणि वाचणारा ह्यांनी तो एकच मानला पाहिजे. उतरंडीचा नियम घ्या, उजवीकडून चालण्याचा घ्या, आकडीचा घ्या किंवा संयोगाचा घ्या. दोघांनी दोन घेतले की सहाच्या जागी एक तृतीयांश येतो आणि कोणालाच कळत नाही. यंत्राला मनातले समजत नाही. त्याला लिहिलेले समजते, आणि तेही ठरलेल्या क्रमानेच.

तेव्हा वर्गात एखाद्या मुलाने २ + ३ × ४ चे उत्तर २० काढले, तर लाल रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे. त्याला १४ हे उत्तर अवश्य शिकवावे, कारण त्याला जगाशी ह्याच संकेताने बोलावयाचे आहे. परंतु त्याबरोबर हेही सांगावे की, बाळा, तुझी बेरीजही बरोबर आणि गुणाकारही बरोबर. चुकला तो आपणां सर्वांत ठरलेला क्रम, आणि तो क्रम माणसांनी ठरविलेला आहे. एवढे ऐकून त्या मुलाने ‘मग दुसरा ठरविला असता तर?’ असे विचारले, तर आल्बर्टाच्या एका खोलीच्या शाळेतून निघालेल्या त्या शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट त्याला सांगण्याची वेळ आली असे समजावे.